नांदवळ्याच्या वेशीतून

ताईने ब्रेक दाबला, डावा पाय जमिनीला टेकवला आणि मान न वळवता विचारलं, "मागे काय आहे?"

मागे काहीच नव्हतं. नदीवरून आलेलं धुकं रस्त्याच्या कडेच्या झुडपांत अडकून बसलं होतं, आणि दवाने भिजलेल्या डांबरावर आमच्या चाकांच्या दोन रेघा तेवढ्या दिसत होत्या. मी तिला सांगितलं की माझ्या मडगार्डाचा स्क्रू ढिला आहे, खड्ड्यावरून गेलं की वाजतो. तिने मला उतरायला लावलं. स्वतः वाकून तो स्क्रू हाताने पिळला, वर माझा रुमाल बांधला आणि मगच पुन्हा सीटवर बसली.

"आता वाजला तर तुझ्या सायकलला हाणीन," ती म्हणाली.

तो रविवार होता आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, महेश येणार होता. महेश म्हणजे आमचा पुण्याचा मामेभाऊ. ताईची सायकल तो घेऊन जाणार, हे आईने त्याला फोनवर कबूल केलं होतं. वर्षभर पडवीत खुंटीला टांगलेली ती निळी सायकल आईला बघवत नव्हती. वापरणाऱ्याकडे जाऊ दे, असं ती म्हणायची आणि पदराने सीटवरची धूळ पुसायची.

ताई नदीपलीकडच्या हायस्कुलात गणित शिकवायची. कराडच्या आमच्या घरापासून शाळेपर्यंत ती रोज सायकलने जायची. तिच्या वर्गातली मुलं तिच्या घंटीवरून दप्तरं आवरायची. मग एकदा हायवेच्या कडेने जाताना मागून आलेल्या ट्रकने तिच्या पाठीवरच्या बॅगेला धक्का दिला. नुसता धक्का. ती खाली पडली आणि मांडीचं हाड मोडलं. आत सळई बसली, हाड जुळलं, डॉक्टरांनी सायकल चालवायला हरकत नाही असं दोनदा सांगितलं. खुंटीवरून काढून अंगणात ती गोल गोल मजेत चालवायचीही. पण रस्त्यावर आली आणि मागून इंजिनाचा आवाज आला की तिचे हात हँडलवर घट्ट व्हायचे आणि ती जागच्या जागी उतरायची. समोरून रणगाडा आला तरी मला चालेल, ती म्हणायची, मागून स्कूटरसुद्धा नको.

मी तेव्हा पुण्याहून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून घरी आले होते, पुढच्या संशोधनाच्या प्रवेशाची वाट बघत. रिकामी होते आणि ताईचा प्रश्न मला सुटण्यासारखा वाटत होता. जिथे मागून इंजिन येतच नाही असा रस्ता शोधायचा, एवढंच तर होतं. सगळा श्रावण मी त्यात घातला. उपग्रहाचे नकाशे बघितले, जुने नकाशे मिळवले, जिथे शंका आली तिथे स्वतः जाऊन पुलाच्या कठड्यावर बसून राहिले. आई म्हणायची, लोक स्थळाची एवढी चौकशी करत नाहीत, एवढी ही रस्त्याची करते.

आणि मला रस्ता सापडला. जुन्या नावेच्या उतारापासून निघायचं, नदीकाठाने पाडळवड्याला जायचं, एक छोटी खिंड चढून पलीकडे उतरायचं आणि सरळ नांदवळं गाठायचं. हायवे खूप लांब राहतो. नांदवळ्याची एसटी दुसऱ्या बाजूने येते. श्रावणात मी तिथे बसले तेव्हा एक दूधवाला आणि एक शेळ्यांचा कळप सोडून काही गेलं नाही. त्यात खिंडीनंतरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी उसाची भिंत होती, दोन पुरुष उंच. वारा अडतो, लांबचा आवाजही त्यात मुरतो. रस्ता इतका शांत की आपल्याच साखळीची कुरकुर ऐकू येते. मी ताईला त्या भिंतीचं वर्णन करून करून वैताग आणला होता.

पाऊस लांबला, मग दिवाळी आली, मग ताईच्या सहामाहीच्या उत्तरपत्रिका. महेशचं येणं ठरलं तेव्हा कुठे ती तयार झाली, तीही अट घालून. "नांदवळ्यापर्यंत मागून एक जरी इंजिन आलं, तर मी तिथेच उतरणार. आणि सायकल महेशची. परत तू हा विषय काढायचा नाहीस, केतकी."

मी म्हटलं, कबूल.

पाडळवड्यापर्यंत सगळं माझ्या म्हणण्याप्रमाणे झालं. गाव नुकतं उठत होतं. मारुतीच्या देवळामागे पिंपळाखाली वीरगळ ओळीने उभे केलेले आहेत, लढाईत पडलेल्या माणसांच्या स्मरणाचे दगड. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. कोणीतरी सगळ्यांना सारखाच शेंदूर फासला होता. ताईने एका दगडापुढे उकिडवं बसून बोटाने घोड्याचे पाय मोजले आणि पाच भरतात म्हणून हसायला लागली. मी सांगितलं की पाचवा पाय मागच्या घोड्याचा असणार. ती म्हणाली, असू दे, तू पाचव्या पायालाही कारण देशील.

खिंडीच्या चढावर तिने मला मागे टाकलं. मी गिअर उतरवत बसले होते आणि ती सीटवरून उठून, दोन्ही पायांवर झुलत, वर निघून गेली. सळई घातलेला पाय कुठला आणि साधा कुठला हे मागून ओळखू येत नव्हतं.  मनात मी सोमवारची तयारी करत होते. महेशला काय सांगायचं, आईला काय सांगायचं.

खिंडीच्या माथ्यावर ती थांबलेली होती.

"तुझी भिंत कुठाय गं?" तिने विचारलं.

मी खाली बघितलं. भिंत नव्हती. रस्ता होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत मोकळी रानं. कुठे पिवळं पाचट पसरलेलं, कुठे ते पेटवून काळी झालेली जमीन, मध्येच उसाचा एखादा उभा फड उरलेला आणि त्याच्या कडेला माणसांची लगबग. उसाच्या पट्ट्यात जन्मले, लहानपणी हिवाळाभर उसाची चिपाडं थुंकत वाढले, आणि वाऱ्याचा, आवाजाचा, चढाचा विचार करताना ऊस तोडतात हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. श्रावणात गळिताचा हंगाम नसतो. मार्गशीर्षात तो भरात असतो.

ताई माझ्याकडे बघत होती. तिलाही ते त्याच क्षणी कळलं होतं. कदाचित रविवार आहे म्हणून तोड बंद असेल, असं मी म्हणाले. कारखान्याला रविवार नसतो हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

उतार संपायच्या आत मागून आवाज आला. आधी गाणं, मग इंजिन, मग मोकळ्या लोखंडी ट्रॉल्यांचा खडखडाट. ट्रॅक्टर खिंडीतून खाली येत होता आणि मागच्या दोन ट्रॉल्या उतारावर एकमेकींना ढकलत होत्या. ताईने सायकल सरळ चरात घातली. मी वळून बघेपर्यंत ती सायकलपासून दोन हात लांब, निवडुंगाकडे पाठ करून उभी होती. ट्रॅक्टर गेला. धूळ बसली. तिने दोन्ही हात काखेत दाबून धरले.

"संपलं," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, वर्गात फळा पुसून झाल्यावर असतो तसा. "महेशला म्हणावं, ये उद्या."

 परत फिरायचं तर खिंड चढून चालत जावं लागलं असतं. नांदवळं जवळ होतं आणि तिथून एसटी मिळाली असती. सायकली टपावर टाकता आल्या असत्या. म्हणून आम्ही सायकली हातात धरून पुढे चालायला लागलो. मी मध्ये मध्ये काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. तिने ऐकून घेतलं, त्यात राग नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं.

पुढच्या फडातून एक बैलगाडी रस्त्यावर चढली आणि आमच्या पुढे लागली. उसाने इतकी लादलेली की चाकं झाकली गेली होती. नवरा बैलांच्या शेजारून चालत होता आणि बायको वर, बांधलेल्या वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, भाऱ्यावर बसली होती, तोंडाला फडकं गुंडाळून. बीडकडची तोडकरी जोडी असावी. बैलांची चाल आणि आमची चाल सारखीच होती, त्यामुळे ना आम्ही पुढे जात होतो ना गाडी लांब जात होती. घुंगरं वाजत होती. मागच्या बाजूने उसाची टोकं बाहेर आली होती आणि त्यातला एक ऊस बाकीच्यांपेक्षा हातभर जास्त, गाडीच्या हिसक्याबरोबर खालीवर होत होता.

ताई त्या उसाकडे बघत होती. मला ते थोड्या वेळाने लक्षात आलं.

आमच्या आळीत गाडीतला ऊस काढण्यात ताईचा हात धरणारं कोणी नव्हतं. हिवाळ्यात गाड्या आमच्या घरावरून कारखान्याकडे जायच्या आणि आळीतली सगळी पोरं सायकली घेऊन त्यांच्या मागे असायची. बहुतेक पोरं ऊस ओढायची. ओढला की मोळी आवळते, ऊस मोडतो आणि गाडीवान आसूड उगारतो. ताई ओढायची नाही. ती सायकलवरून गाडीच्या मागे यायची, एका हाताने ऊस धरायची आणि हळूच ब्रेक दाबायची. गाडी आपल्या वेगाने पुढे जायची आणि ऊस आपोआप तिच्या हातात राहायचा. आई लाटणं घेऊन दारात उभी असायची आणि ताई मागच्या बोळातून घरात शिरलेली असायची. सापेक्ष वेग मी पुढे पुस्तकात शिकले तेव्हा मला तेच आठवलं होतं.

"तो निघेल," ताई म्हणाली.

मी माझी सायकल तिच्या वाटेतून बाजूला घेतली. 

"घट्ट बांधलाय, पण निघेल. बुडखा बाहेर आहे बघ."

तिने टांग टाकली. चार पायडल मारली आणि ती गाडीच्या मागे पोहोचली, डाव्या अंगाने, लहानपणी यायची तशी. उजवा हात सोडून तिने ऊस धरला. वरून बाईने फडकं खाली ओढून बघितलं.

"बाई, शिकलेल्या दिसताव की," ती म्हणाली. "मागितला असता तर दिला नसता व्हय?"

"दिलेला गोड लागत नाही," ताई म्हणाली.

बाई खदखदून हसली आणि नवऱ्याला ओरडून सांगितलं की मागं चोर लागलाय, बैलं हळू घेऊ नका. नवऱ्याने वळूनही बघितलं नाही, पण बैलांना डिवचलं. गाडी हिसका देऊन पुढे गेली. ताईची सायकल डगमगली, सावरली. ऊस वीतभर बाहेर आला.

आणि तेव्हा मागून पुन्हा इंजिनाचा आवाज आला.

या वेळी ट्रॅक्टर भरलेला होता. मी पटकन कडेला झाले आणि ताईला हाक मारायला तोंड उघडलं, पण हाक मारली नाही. का मारली नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही. हाक मारली असती तर ती उतरली असती एवढं नक्की. ट्रॅक्टर माझ्या शेजारून पुढे गेला आणि बैलगाडीमागे अडकला. रस्ता अरुंद होता. त्याच्या पुढच्या चाकांमध्ये आणि ताईच्या मागच्या चाकात जेमतेम दोन बैलांएवढं अंतर राहिलं. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

ताईचा हात उसावर होता. पाठ ताठ झाली. मला तिची मान दिसत होती, आणि मानेवर उभा राहिलेला ताण. मग मला तिचा आवाज ऐकू आला.

"अरे, थांब की जरा. निघत आलाय."

ड्रायव्हर पोरसवदा होता. त्याने बाहेर डोकं काढून बघितलं, काय चाललंय ते त्याला कळलं, आणि त्याने हॉर्नवरचा हात काढून वेग कमी केला. त्या भागात वाढलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. ताईने ब्रेक दाबला, अगदी हळू. गाडी पुढे गेली. ऊस सरकत सरकत पुरा बाहेर आला आणि तिच्या हातात राहिला, तिच्यापेक्षा उंच. वरच्या बाईने टाळी वाजवली.

ताई डावीकडे झाली. ट्रॅक्टर तिच्या शेजारून गेला, मग पहिली ट्रॉली, मग दुसरी. ती उतरली नाही. ऊस हँडलवर आडवा धरून ती सायकलवरच होती आणि जाणाऱ्या ट्रॉलीकडे बघत होती. बैलगाडीवाल्याने बैल कडेला घेतले आणि ट्रॅक्टर पुढे सुटला.

"केतकी," ती म्हणाली, "त्याला गाठायचा."

मी विचारलं कशाला. ती तोवर निघाली होती.

भरलेला ट्रॅक्टर फार जोरात जात नाही, पण आम्हाला तो जोर पुरेसा होता. मी पूर्ण ताकदीने पायडल मारत होते आणि डोळ्यांत पाणी येत होतं. ताई पुढे होती, ट्रॉलीच्या मागच्या आडोशाला, जिथे वारा लागत नाही. चिपाडं उडत होती, उसाचा आंबूस गोड वास येत होता, ड्रायव्हरचं गाणं आमच्यासाठीच लावल्यासारखं मोठं झालं होतं. त्याने आरशात आम्हाला बघितलं आणि वेग वाढवला. ताईने शिवी दिली. शाळेत शिकवणाऱ्या माझ्या बहिणीला ती शिवी येते हे मला माहीत नव्हतं.

नांदवळ्याची वेस दिसायला लागली. काळ्या दगडाची कमान, तिच्या दोन बाजूंना बुरूज, एका बुरुजावर वडाचं झाड उगवलेलं. आणि मला आठवलं. श्रावणात त्या कमानीखाली मी बराच वेळ उभी होते. कमान अरुंद आहे. बैलगाडी जाते, ट्रॉली जात नाही. म्हणून डांबरी रस्ता वेशीपाशी उजवीकडे वळतो, पडक्या तटाबाहेरून अख्ख्या गावाला वळसा घालतो आणि पलीकडच्या बाजूला बारवेपाशी निघतो. आतली फरसबंदी गल्ली मात्र सरळ जाते.

"ताई, वेशीतून," मी ओरडले. "आतून जा. सरळ."

ट्रॅक्टर उजवीकडे वळला. आम्ही कमानीत शिरलो. एकदम गारवा, अंधार, घंटीचा दगडावर आपटून परतलेला आवाज, आणि पुन्हा ऊन. गल्लीच्या दोन्ही बाजूंना ओटे होते. एक म्हातारे गृहस्थ दाढी करत होते; फेसाने भरलेला चेहरा त्यांनी आमच्याबरोबर फिरवला. कोंबड्या उडाल्या. एका बाईने दारातला रांगोळीचा हात वर उचलून धरला आणि ताईने चाक अशा खुबीने काढलं की रांगोळीचा एक ठिपकाही विस्कटला नाही. दीपमाळेला वळसा घेतला, उतार लागला, दगडांवर हाडं खिळखिळी झाली, आणि आम्ही गावाबाहेर, बारवेच्या कठड्यापाशी, डांबरी रस्त्यावर येऊन पडलो.

रस्ता रिकामा होता. ट्रॅक्टर अजून तटामागेच होता. गाणं ऐकू येत होतं, हळूहळू मोठं होत.

ताईने मान वळवून मागे बघितलं. सबंध सकाळभरात ती पहिल्यांदाच मागे बघत होती. आता तो ट्रॅक्टर आमच्या मागे होता आणि मागे तिनेच त्याला टाकलं होतं. मी तिच्या हातांकडे बघत राहिले. हात हँडलवर होते, बोटं सैल.

"येऊ दे त्याला," ती म्हणाली, आणि रस्त्याच्या डाव्या कडेने, संथ, शाळेत जाताना चालवायची तशी सायकल चालवायला लागली.

तो वळणावरून आला. आम्हाला पुढे बघून त्याने हॉर्न दिला, या वेळी तालात. ताईने न थांबता, न वळता, हातातला ऊस उंच करून त्याला पुढे जायची खूण केली. इंजिन जवळ आलं, शेजारी आलं, पुढे गेलं. ट्रॉल्या गेल्या. धूळ बसली तरी ती चालवतच होती. बरीच पुढे गेल्यावर तिच्या लक्षात आलं की बारव मागे राहिली, म्हणून ती वळून आली.

बारवेच्या पायऱ्यांवर बसून आम्ही ऊस खाल्ला. गुडघ्यावर मोडून अर्धा, दाताने सोलून. खाली हिरव्या पाण्यात कासव होतं. कोनाड्यांच्या रचनेबद्दल मी काही सांगायला लागले तेव्हा तिने बुडख्याचं पेर माझ्या तोंडात कोंबलं. मग चोथा थुंकून ती म्हणाली, "समोर असला की तो तेवढाच असतो गं. मागे असला की कितीही मोठा होतो."

उरलेला अर्धा ऊस तिने सायकलच्या दांडीला माझ्या रुमालाने बांधला. माझं मडगार्ड घरापर्यंत वाजत आलं. परत आलो तेही त्याच रस्त्याने, आणि दुपारी तर त्यावर गाड्यांची रांग होती.

आई दारातच उभी होती. तिने आधी ताईकडे बघितलं, मग दांडीला बांधलेल्या उसाकडे.

"कुठनं आणला?"

"चोरला," ताई म्हणाली आणि मोरीकडे हातपाय धुवायला गेली.

लाटण्याचे दिवस संपले होते. आईने गाठ सोडली, ऊस हातात घेतला, त्याचं बूड बोटाने चाचपून बघितलं. मग मला जवळ बोलावून हलक्या आवाजात विचारलं की अटीचं काय झालं. किती गाड्या आल्या मागून?

मी सांगायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे आकडा नव्हता. सगळा श्रावण कठड्यावर बसून शेळ्यासुद्धा मोजणारी मी.

"मोजल्या नाहीत," मी म्हटलं.

 आईने फोन उचलला आणि महेशला लावला. नाही रे, ती म्हणाली, सायकलला काही झालेलं नाही. चांगली आहे. पण ती इथे लागते.